नंतर म्हणू नका, सांगितलं नव्हतं

वसुबारसेच्या सकाळी लिफ्टशेजारी कागद चिकटला. दोन पानं, प्लास्टिकच्या कव्हरात, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. वर लाल अक्षरांत 'दिवाळी सुरक्षा : अत्यंत महत्त्वाचे', खाली 27 सूचना आणि शेवटी आमच्या सेक्रेटरींची लफ्फेदार सही. माणूस बँकेतून निवृत्त झालाय हे त्या सहीवरूनच कळतं. लिफ्ट चौथ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत मी नवव्या सूचनेला पोहोचले. दहावीसाठी भाजी घेऊन परत यावं लागलं.

सांगलीत विश्रामबागेत आमची चार मजली इमारत, 16 बिऱ्हाडं. म्हणजे घरटी दीड सूचना देऊनही वर तीन उरतात. काही सूचना वेगवेगळ्या वाचल्या तर अगदी शहाण्या वाटतात. पणती पडद्यापासून लांब ठेवावी. बरोबर. वाऱ्याच्या झोतात ठेवू नये. बरोबर. मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. तेही बरोबर. तोल जाईल अशा उंच जागी ठेवू नये. आता या चारही एकदम पाळायच्या म्हटल्या तर पणती कुंभाराकडेच ठेवलेली बरी. सातव्या सूचनेत लिहिलं होतं, पाण्याने भरलेली बादली जवळ ठेवावी. सोळावीत, जिन्यात व येण्याजाण्याच्या वाटेवर बादली अथवा तत्सम वस्तू ठेवू नये. 'तत्सम वस्तू' म्हणजे बादलीसारखं दुसरं काय असतं याचा मी दोन मजले विचार केला. घमेलं, बहुधा.

पण मन जिंकलं ते एकोणिसाव्या आणि बाविसाव्या सूचनेनं. उटणं व तेलामुळे फरशी निसरडी होत असल्याने अभ्यंगस्नान सावकाश करावे. आणि कारीट पायाच्या अंगठ्याने फोडताना भिंतीचा आधार घ्यावा. भिंतीला धरून, एका पायावर, पहाटे पाच वाजता, डोळ्यांत झोप आणि अंगाला तेल. नरकासुराला आजवर अनेकांनी अनेक तऱ्हांनी मारलं असेल, पण आमच्या सोसायटीत तो सुरक्षेचे सर्व नियम पाळून मरतो.

सत्ताविसावी सूचना मात्र वेगळी होती. 'वरील सूचना देऊनही काही अनुचित घडल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही.' ही वाचली आणि आधीच्या सव्वीसांचा उलगडा झाला. सूचना वाचणाऱ्यासाठी लिहिली जाते असा माझा भाबडा समज होता. ती लिहिणाऱ्यासाठी असते. उद्या कुणाचं धोतर पेटलं तर लिहिणाऱ्याला शांतपणे म्हणता आलं पाहिजे, नंतर म्हणू नका, सांगितलं नव्हतं. आमच्या सेक्रेटरींचा यात काही दोष नाही म्हणा. माणूस मनानं मऊ, फराळाचं ताट रिकामं कधी परत पाठवत नाही. पण पस्तीस वर्षं प्रत्येक कागदावर 'पाहिले' लिहून खाली तारीख टाकलेली. तो हात स्वस्थ कसा बसेल?

मोबाइलवर तर विचारूच नका. बँक म्हणते ओटीपी कुणाला सांगू नका. वीजवाले म्हणतात आकाशकंदिलाची वायर उघडी ठेवू नका. आरोग्यवाले म्हणतात खवा भेसळीचा नाही ना बघा, आणि लगेच दुसरा निरोप, खव्याचं काहीच खाऊ नका. बाहेरगावी जाताना कुठे निघालोय ते सगळ्यांना कळवत सुटू नका, असंही फिरत होतं. ते मला ज्यांनी पाठवलं त्या शेजारच्या वहिनींच्या स्टेटसला त्याच दिवशी गणपतीपुळ्याचा समुद्र होता, खाली लिहिलेलं, 'पाच दिवस फुल्ल धमाल'.

आमच्या सासूबाईंना मी कागद वाचून दाखवला. त्या चकल्या तळत होत्या. पिठाचा एवढासा गोळा तेलात टाकायचा, तो तळाशी जाऊन हळूच वर आला की तेल झालं. लगेच उसळला तर गॅस बारीक. हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत एकदाच सांगितलं होतं आणि गेल्या एकवीस वर्षांत मी ते विसरलेली नाही. त्यांनी चोवीस-पंचवीस सूचना निमूट ऐकल्या. त्यातल्या एकीवर मात्र झारा थांबला. भाजल्यास हळद, टूथपेस्ट, तूप इत्यादी लावू नये, वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटे धरावे.

"हळद लावायची नाही?" त्या म्हणाल्या. "सांगलीत?"

मी म्हटलं, आई, हे खरं आहे, डॉक्टरही हेच सांगतात. वैद्यकाच्या बाजूनं माझा मुद्दा पक्का होता, पण बाकी सगळंच त्यांच्या बाजूनं. ज्या गावच्या बाजारात हळदीचे सौदे निघतात, जिच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जिथं पडलं, खरचटलं, घसा बसला, लग्न ठरलं, सगळ्याला एकच डबा निघतो, तिथं भाजल्यावर हळद नको हे सांगायचं म्हणजे कोल्हापुरात जाऊन तिखट कमी घाला म्हणण्यातला प्रकार. त्यांनी चकली उलटली आणि म्हणाल्या, "बरं. वीस मिनिटं नळ सोडून ठेवायचा. नळाला पाणी असलं तर."

धनत्रयोदशीला संध्याकाळी आवाजाचा प्रश्न निघाला. सूचना क्रमांक 9 : 125 डेसिबलपेक्षा मोठ्या आवाजाचे फटाके उडवू नयेत. नियम खराच आहे, आणि तो आवाज फटाका फुटतो तिथून 4 मीटरवर मोजायचा असतो. हे शेपूट पहिल्या मजल्यावरच्या काकांना ठाऊक होतं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मोजमाप म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. घरातून टेप आणला, नातवाला एक टोक धरायला लावलं, पार्किंगमध्ये खडूनं रेघ मारली आणि मोबाइलवर आवाज मोजणारं ॲप उघडून रेघेवर उभे राहिले. मुलांनी वात पेटवली. आम्ही सगळ्यांनी कानांत बोटं घातली. वात सुरसुरली, जळत गेली, आणि फटाका 'फुस्स' म्हणाला. काकांनी आकडा वाचून दाखवला, 71. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मुलाला जेवायला हाक मारली. 88.

या सगळ्या पसाऱ्यात एक गोष्ट कुणीच लिहिली नव्हती. आमच्या लहानपणी घाबरट पोरांसाठी खास नागगोळी असायची. काळी, गोळीएवढी, पेटवली की तिच्यातून राखेचा साप वळवळत बाहेर येतो. आवाज नाही, ठिणगी नाही, आई-वडील निर्धास्त. 2016 मध्ये पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं मुलांच्या आवडत्या फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा फुप्फुसात जाणाऱ्या बारीक कणांत पहिला नंबर या गरीब नागोबाचा आला. हजाराची माळसुद्धा त्याच्या मागे. आणि आम्ही तर तो वळवळताना नीट दिसावा म्हणून उकिडवे बसून, नाक अगदी जवळ नेऊन बघायचो. फुलबाजीचंही तसंच. जळतं टोक हजार अंशांच्या घरात जातं, आणि ती आपण देतो कुणाला, तर ज्याला अजून सुतळी बॉम्ब द्यायचा नाही त्या तीन वर्षांच्या बाळाला. विझलेली तार अंगणात टाकली की रात्रभर कुणाचा ना कुणाचा अनवाणी पाय ती शोधून काढतो. आमच्या घरी तो मान बहुतेक वर्षी माझ्याकडे असतो.

मुलांनी किल्ला केला होता पार्किंगच्या कोपऱ्यात. पोत्यावर लाल माती लिंपून, वर आळीव पेरून. चार दिवसांत कोवळी हिरवळ आली होती. मी बघायला गेले तर बुरुजावरच्या एका मावळ्याच्या कमरेला पांढरा दोरा बांधलेला, दुसरं टोक आगपेटीच्या काडीला.

"हे काय रे? कैद केलंय का त्याला?"

"नाही काकू. उंचावर काम करताना दोर बांधायचा असतो. आठवी सूचना."

आठवी सूचना आकाशकंदील लावणाऱ्यांसाठी होती. पण चुकीचं काय म्हणणार? तटाच्या आत एक काडेपेटीची पेटी उभी होती, तिच्यावर स्केचपेननं लिहिलेलं, 'मुख्य दरवाजा सोडून कड्यावरून चढू नये.' ज्या गडांच्या कथा आम्ही कड्यावरून चढणाऱ्यांमुळेच ऐकल्या, त्यांच्या पायथ्याशी ही पाटी! खालच्या तळ्याकाठी आणखी एक होती, 'पाण्याची खोली 1 इंच. पोहणे मना.' सेक्रेटरी रोज संध्याकाळी किल्ला बघायला यायचे. ते पाट्या वाचून हसले की समाधान पावले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

खरं सांगायचं तर सूचना म्हणजे काय हे सांगलीला शिकवायला नको. आमच्या गावची खरी सूचना कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर असते. 1929 साली खुला झालेला तो पूल, त्यावरचे फुटांचे आकडे आणि पावसाळ्यात गावभर फिरणारा एकच प्रश्न, 'पुलावर किती?' 40 फूट म्हणजे इशारा पातळी, 45 म्हणजे धोका. यात लाल अक्षरं नाहीत, अत्यंत महत्त्वाचे नाही. 38 ऐकलं की नदीकाठच्या बायका जोंधळ्याची पोती माळ्यावर चढवायला लागतात, 40 ला गाड्या विश्रामबागेकडे येऊन लागतात. कोयना धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, अलमट्टीतून किती, हे पानपट्टीवाल्यालाही पाठ. बाकी महाराष्ट्रात क्युसेक हा शब्द इंजिनिअर वापरतात. आमच्याकडे तो चहाबरोबर चालतो.

सासूबाईंचं घर गावभागात होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सगळे त्यांना सांगत होते, निघा. त्या म्हणत होत्या, पाच सालाला पाणी दुसऱ्या पायरीला लागलं आणि परत गेलं, याहून ते वर येत नाही. पायरीच्या दगडावर त्यांनी खूणसुद्धा करून ठेवली होती. या वेळी पुलावर पाणी 57 फुटांच्या वर गेलं. दुसरी पायरी, खूण, उंबरा, देवघर, सगळं खाली गेलं आणि आम्ही त्यांना वरच्या मजल्याच्या गॅलरीतून होडीत उतरवून घेतलं. पदराशी धरलेली पितळी अन्नपूर्णा आणि पिशवीत औषधं. होडीत बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "खूण चुकली माझी." तेव्हापासून त्या आमच्याकडे राहतात. जूनपासून रोज सकाळी चहाच्या आधी त्यांचा पहिला प्रश्न, पुलावर किती. मी नऊ फूट म्हटलं तरी मान हलवून ऐकून घेतात.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री खाली सगळे जमले होते. भुईचक्रं झाली, झाडं झाली, बादली सातव्या सूचनेप्रमाणे जवळ होती आणि सोळाव्या सूचनेला लाजून जरा कडेला. सेक्रेटरी झब्ब्यावर शिट्टी अडकवून उभे होते. कुणीतरी सुतळी बॉम्ब आणलाच होता. वात लावली, पोरं पळाली, सगळे थांबलो. एक, दोन, दहा, वीस. काहीच नाही. आमचा नववीतला चिरंजीव पुढं सरकला, मान खाली घालून, बघतोय की काय झालं.

"ए!" वरून आवाज आला. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून, शाल पांघरलेल्या सासूबाई. तेव्हा काकांचं ॲप चालू असतं तर 125 खात्रीनं ओलांडले असते. "विझलेल्या फटाक्यावर वाकायचं नाही! मागं हो आधी!"

तो जागच्या जागी थिजला, मग चार पावलं मागं आला. काकांनी लांबूनच अख्खी बादली बॉम्बवर रिकामी केली. तो तसाही मेलेलाच असावा. काही झालं नाही. चिरंजीव नंतर वर येऊन कुरकुरला, "आजी, नसताच उडला तो."

"नसेलच उडला," त्या म्हणाल्या, "तू बघायला जायचं नाहीस."

त्यांच्या चुलतभावाच्या डाव्या डोळ्यावर पांढरा ठिपका होता. माझ्या लग्नात मी त्यांना पाहिलं होतं, काळा चष्मा लावून बसलेले. ते मला त्या रात्री आठवलं. सासूबाईंनी विषय काढला नाही.

मग मी खाली जाऊन लिफ्टजवळचा कागद पहिल्यापासून वाचला. सुती कपडे होते, कारीट होतं, मिठाईची तारीख होती, पाळीव प्राण्यांच्या कानांची काळजी होती. न उडालेल्या फटाक्याबद्दल 27 सूचनांत एक अक्षर नव्हतं.

पाडव्याला सकाळी फराळाचं ताट घेऊन गेले तेव्हा सेक्रेटरींना ते सांगितलं. ते एकदम गंभीर झाले. चिवड्याचा घास तसाच ठेवून, शर्टाच्या खिशाला पेन लावून माझ्याबरोबर खाली आले. प्लास्टिकचं कव्हर काढलं, चष्मा पुसला. पण 27 वर 'सोसायटी जबाबदार राहणार नाही' होतं, आणि जबाबदारी झटकून झाल्यावर पुढं आणखी काही लिहिणं त्यांच्या नियमात बसेना. बराच वेळ पेन हवेत धरून ते उभे राहिले. मग 26 आणि 27 च्या मधल्या बोटभर जागेत, बारीक अक्षरांत त्यांनी ते बसवलं आणि बाजूला आकडा घातला : 26(अ). खाली सही, खाली तारीख.