जळणारे पॉइंट आणि रंगाखालचा बोल्ट

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे गाड्यांच्या वायरिंगचे छोटे गॅरेज आहे. कसबा बावड्यात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्या डिस्ट्रिब्युटरमधले (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटून देणाऱ्या भागातले) पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट सतत जोडणारे-तोडणारे संपर्क, जळलेले होते. जुन्या गाडीत पॉइंट जळणे ही रोजचीच गोष्ट असल्याने मी नवा संच आणि पॉइंटवरची ठिणगी शोषणारा कंडेन्सर बसवला, पॉइंटमध्ये ०.४५ मिलिमीटरचा गॅप लावला आणि गाडी परत दिली. पाच आठवड्यांनी ती पुन्हा त्याच तक्रारीसह आली. माझ्या आधी दुसरीकडे तीन संच बदलून झाले होते, हे तेव्हा मला कळले. तरीही बाजारात नकली माल फार येतो, असे सरांना सांगून मी पाचवा संच बसवला. हे माझे उत्तर चुकीचे होते आणि त्या आळसाचा भुर्दंड सरांना पडला, याची मला आजही खंत वाटते.

वैशाखातल्या एका दुपारी सरांचा फोन आला. पत्नीला घेऊन ते पन्हाळ्याला निघाले होते आणि वाघबीळच्या पुढच्या चढावर गाडी झटके देत बंद पडली होती. मी मोटारसायकलवरून पोहोचलो तेव्हा बाई झाडाच्या सावलीत बसल्या होत्या आणि सर बॉनेट उघडून उभे होते.

"मिस्त्री, नवीन सामान घालून महिना झाला नाही," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला अधिकच अवघडल्यासारखे झाले.

बॅटरीच्या करंटपासून ठिणगीसाठी उच्च दाब तयार करणाऱ्या कॉइलला मी हात लावला आणि लगेच मागे घेतला. चालू गाडीची कॉइल गरम असतेच, पण हिच्यावर बोट टेकवणे अशक्य होते आणि वरच्या टोपणाच्या कडेने तेल पाझरत होते. पॉइंट काढून उन्हात धरले. नेहमी वापरलेल्या पॉइंटचा पृष्ठभाग फिकट राखाडी दिसतो. हे मात्र निळसर काळे पडले होते आणि एका बाजूला खड्डा, तर दुसऱ्या बाजूला तेवढाच उंचवटा तयार झाला होता. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा मात्र जवळजवळ कोरा होता. म्हणजे झिजून गॅप मिटला नव्हता. पॉइंटमधून त्यांना पेलवणार नाही इतका करंट जात होता. कॉइलवर ओले फडके गुंडाळून अर्धा तास थांबलो, पॉइंट कानशीने साफ केले आणि गाडी हळूहळू कोल्हापूरला आणली.

संध्याकाळी कॉइल थंड झाल्यावर मीटर लावला. प्रायमरीचे, म्हणजे पॉइंटला जोडलेल्या गुंडाळीचे, रीडिंग १.८ ओहम आले. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या तर तो ०.३ दाखवत होता. म्हणजे कॉइल दीड ओहमची निघाली, आणि या गाडीला तीन ओहमची लागते. चार्जिंगच्या १४ व्होल्टला तीन ओहमच्या कॉइलमधून पावणेपाच अँपिअरच्या आसपास करंट जातो, दीड ओहमच्या कॉइलमधून त्याच्या दुप्पट. पेट्रोलच्या बोळ्याने मळ पुसल्यावर खालच्या कडेला बारीक अक्षरे दिसली: बाहेरील रेझिस्टरसह वापरावी. करंट आटोक्यात ठेवणारा तो रेझिस्टर गाडीत कुठेच नव्हता. पाच संच खाणारा दोष सापडला म्हणून मी समाधानाने तीन ओहमची कॉइल बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन आला. आता सेल्फ (किल्लीने फिरणारी स्टार्टरची मोटर) मारून गाडी चालूच होत नव्हती.

मी बावड्याला गेलो. घरासमोर रस्त्याला थोडा उतार आहे आणि गाडी नेहमी त्याच्या वरच्या टोकाला उभी असते. सेल्फ सुस्त असल्यामुळे सर दोन वर्षे गाडी उतारावर सोडून चालू करत होते. सेल्फचे बुश आणि बॅटरी दोन्ही बदलूनही फरक पडला नव्हता. ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती, कारण मी कधी विचारलीच नव्हती.

गाडी मध्येच पेटू नये म्हणून कॉइलची मधली जाडी वायर काढून नीट अर्थ केली, म्हणजे गाडीच्या लोखंडाला जोडली. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून सरांना सेल्फ मारायला सांगितले. अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा तो काटा चारवर गेला. त्याच वेळी माझ्या मनगटाला चोकची केबल लागली आणि तिचा चटका बसला. सेल्फचा एवढा मोठा करंट आपली वाट बुजल्यामुळे त्या बारीक केबलमधून परतत होता.

गाडीखाली शिरून पाहिले. गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत जाणारी, इंजिनकडचा करंट बॅटरीकडे परत नेणारी विणलेली अर्थिंगची पट्टी जागेवर होती, पण तिचा बोल्ट रंगाच्या जाड थरावर कसलेला होता. दोन वर्षांपूर्वी गाडीचे पेंटिंग झाले होते, आणि सेल्फ तेव्हापासूनच सुस्त होता. सेल्फ मारताना अर्थिंगमध्येच चार व्होल्ट अडकल्याने कॉइलला सातच्या आसपास मिळत असणार आणि ठिणगी दुबळी पडत असणार. त्यावर उपाय म्हणून कोणीतरी जोरदार कॉइल घातली, आणि तिने पॉइंट जाळायला सुरुवात केली. त्या कारागिराला मी दोष देत नाही, कारण त्याने गाडी चालू करून दिली होती. मीही दोनदा तेवढेच केले होते.

रंग खरवडून लोखंड चकचकीत केले, नवी पट्टी कसली आणि सांध्यावर ग्रीस लावले. मीटर आता ०.२ व्होल्टवर थांबला. मधली वायर परत जोडली. सरांनी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या फेरीतच लागले. चोकच्या केबलला हात लावला, ती थंड होती.

सर गाडीतून उतरले, उताराकडे थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मग मिस्त्री, आता गाडी अंगणात आत लावली तरी चालेल म्हणायची."