मिसळ आता खाण्यात धरत नाहीत

१२ फेब्रुवारी २०२६ ला सरकारच्या महागाईच्या आकड्यांची नवी मालिका आली, २०२४ बेस इयरवाली (म्हणजे भावांची तुलना आता २०२४ च्या भावांशी), आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आत आमच्या घरात भांडण. बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "घ्या, महागाई कमी दाखवायची म्हणून खाण्यापिण्याचं वजनच घटवलंय यांनी." वजन म्हणजे शंभर रुपये खर्चातले किती कशावर जातात ते. जुन्या मालिकेत खाण्यापिण्याचे ४५.८६ धरले होते, नवीत ३६.७५. खोटं कशाला बोलू, मलाही आधी तेच वाटलं.

मग बसून वाचलं. जुनी वजनं २०११-१२ च्या सर्व्हेवरची, म्हणजे जिओसुद्धा यायच्या आधीची, आणि त्या यादीत टांग्याचं भाडं होतं, व्हीसीआर-डीव्हीडी प्लेअर होता, ऑडिओ कॅसेट होती!! आमच्याकडे कॅसेटी आहेत अजून, माळ्यावर. नव्या यादीत ओटीटी आलं, ऑनलाइन दुकानांचे भाव आले, खेड्यातलं घरभाडं पहिल्यांदाच धरलं (आधी फक्त शहरातलं धरायचे), वस्तू २९९ च्या ३५८ झाल्या. इथपर्यंत ठीक.

पण खरी गंमत मिसळीत आहे. २०२३-२४ च्या खर्चाच्या सर्व्हेत खाण्यावर गावाकडे शंभरातले ४७ आणि शहरात जेमतेम ४० रुपये जातात असं निघालं, मग ३६.७५ कुठून आलं? तर आधी हॉटेलातलं जेवण, फरसाण, मिठाई असलं तयार खाणं 'खाण्यापिण्यात' धरायचे आणि त्याचंच वजन ५.५५ होतं, आता हॉटेलातलं खाणं 'रेस्टॉरंट आणि निवास' अशा वेगळ्या खणात गेलंय. म्हणजे आम्ही नाशिककर रविवारी मिसळ खातो ते सरकारदरबारी आता खाणंच नाही 😄 तर शंभरातले नऊ रुपये कमी झाले त्यातले काही गेले कुठेच नाहीत, नुसते शेजारच्या डब्यात पडलेत. बाकीची घट मात्र खरी, लोकांचा पैसा दुसरीकडे जायला लागलाय.

आणि बाबांचा आरोप उलटाही फिरतो ना. ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाई ०.२५ टक्के आली होती आठवतंय, सगळे हसत होते, ती एवढी खाली गेली कारण भाज्या पडल्या होत्या आणि जुन्या मालिकेत त्यांचं वजन भारी. कांदा तर असा आपटला की लासलगावकडे निम्म्या घरांत सुतक, आणि तिकडे आकडा बघून आनंदीआनंद. खाण्याचं वजन कमी असतं तर तो आकडा एवढा खाली गेलाच नसता. नव्या मालिकेत जानेवारी २०२६ ची महागाई २.७५ टक्के निघाली.

माझी तक्रार वेगळीच आहे. ही वजनं घरागणिक नाहीत, रुपयागणिक आहेत. देशातला सगळा खर्च एका ढिगात टाकायचा आणि त्याचे वाटे करायचे, मग महिन्याला लाख उडवणारं एक घर आणि वीस-वीस हजारांत भागवणारी पाच घरं यांचा शब्द सारखाच. आमच्याकडे पोळ्या करायला ताई येतात त्यांचा निम्म्याहून जास्त पैसा किराणा-भाजीतच जातो, त्यांना ३६.७५ काय सांगायचं? टोमॅटो भडकला की माझी महागाई थोडी हलते, त्यांची उसळते, आणि टीव्हीवर दोघींना एकच आकडा. जुन्या मालिकेतही हेच होतं म्हणा, बेस इयर बदलून हे सुटत नाही.

बाबांना हे सगळं सांगितलं, त्यांनी ऐकलंही, आणि मग मुद्द्यावर आले, "माझ्या पेन्शनवरचा डीए कमी होणार का ते सांग."

"बाबा, तुमचा डीए यावर ठरतच नाही. तो सिमल्याच्या लेबर ब्युरोचा इंडेक्स, औद्योगिक कामगारांचा, त्याचं बेस इयर २०१६."

"हां, मग त्यात तरी खाण्याला हात लावला नसेल."

लावलाय. २०२० मध्येच, ४६.२ वरून ३९.१७. बाबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि पिशवी घेऊन भाजीला गेले.