डोकं वर, बूड खाली: इंग्लंडमधलं माझं सिझर

'सिझर झालं' असं फोनवर सांगितलं की पलीकडून आधी एक सुस्कारा ऐकू येतो आणि मग प्रश्न, "नॉर्मलची वाट नाही का गं पाहिली डॉक्टरांनी?" आमच्याकडे वाट पाहण्यासारखं फारसं काही नव्हतं. बाळ पोटात बैठक मारून बसलं होतं. डोकं माझ्या बरगड्यांना टेकलेलं, बूड खाली. आजीच्या भाषेत पायाळू. ही बातमी ऐकून घरात एकटी आजीच खूश झाली. पायाळू माणसाने कमरेला पाय लावला की उसण पळते म्हणतात, आणि तिची उसण बरीच वर्षं मुक्कामाला आहे.

इंग्लंडमध्ये गरोदरपण मिडवाइफच्या, म्हणजे शिकलेल्या सुईणीच्या, हातात असतं. सगळं सुरळीत चाललं असेल तर डॉक्टर भेटतही नाही. सोनोग्राफीसुद्धा साधारण बाराव्या आणि विसाव्या आठवड्यात अशी दोनदाच, त्यामुळे 'दर महिन्याला बाळ दाखवत नाहीत का?' या आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसायचं. मिडवाइफ मात्र हाताने पोट चाचपून बरंच काही सांगते. छत्तिसाव्या आठवड्यात तिचे हात बरगड्यांखाली जरा जास्तच रेंगाळले आणि ती म्हणाली, "हे डोकं वाटतंय. आपण स्कॅन करून घेऊ." पूर्ण दिवस भरलेल्या शंभरातली तीन-चार बाळं अशी उलटी असतात.

मग हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाईंशी भेट ठरली. आता त्या सांगतील आणि आपण मान डोलवू, अशा तयारीने मी गेले होते. त्यांनी कागद पुढे केला. पर्याय तीन. बाहेरून हाताने बाळ फिरवून बघायचं, हे साधारण निम्म्या वेळा जमतं. नाही जमलं तर उलट्या बाळाची योनिमार्गे प्रसूती किंवा ठरवून सिझर. उलट्या बाळाची ठरवून योनिमार्गे प्रसूती केली तर हजारात दोनेक बाळं दगावतात, एकोणचाळिसाव्या आठवड्यानंतर ठरवून सिझर केलं तर हजारात अर्धं. सिझरचे माझ्या शरीराला असलेले धोके वेगळे, आणि पुढच्या गरोदरपणातले आणखी वेगळे. हे सगळं सांगून त्या गप्प बसल्या. मी विचारलं, "तुम्ही काय कराल?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मी तुमच्या जागी नाहीये ना." आमच्या घराण्यात डॉक्टरला असा प्रश्न टाकला की उत्तर मिळतं, आणि ते मिळावं म्हणूनच आपण फी देतो. त्या दिवशी मला त्यांचा रागच आला.

बाळ फिरवायचा प्रयत्न केला. गर्भाशय सैल पडावं म्हणून इंजेक्शन दिलं, पोटाला जेल लावलं, आणि डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांनी एकीकडून बूड आणि दुसरीकडून डोकं असं ढकलायला सुरुवात केली. दुखतं, उगाच खोटं कशाला सांगू. एका हाताने बूड उचलल्यावर पोटाचा सगळा उंचवटा बेंबीवरून डावीकडे सरकताना मला दिसत होता. अर्ध्यावर आलं आणि सोडल्याबरोबर परत जागेवर. "थांबायचं का?" असं त्या दर खेपेला विचारायच्या. शेवटी मीच 'बस' म्हटलं आणि सिझरची तारीख घेतली.

ठरलेली तारीख ही इथे फार काटेकोर गोष्ट नसते. सिझरच्या निकडीनुसार चार पायऱ्या असतात. आई किंवा बाळाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर पहिली, आणि माझ्यासारखं ठरवून असेल तर चौथी. पहिल्या पायरीची बाई आली की चौथीवाली मागे सरकते. आम्ही सकाळी उपाशीपोटी जाऊन बसलो आणि दुपार कलेपर्यंत बसूनच होतो. मध्येच कॉरिडॉरमधून एक पलंग धावत गेला, सोबत सात-आठ माणसं. त्यानंतर तक्रार करायची इच्छा राहिली नाही.

त्या वेळात सही घ्यायला सर्जन आल्या. संमतीपत्र त्यांनी ओळ न् ओळ वाचून समजावलं, त्यात 'बाळाच्या कातडीला ब्लेडचा ओरखडा, शंभरात एक-दोन' हेही होतं. नवऱ्याने ते ऐकलं आणि त्याचा रंग उडाला तो संध्याकाळपर्यंत परतला नाही.

थिएटरमध्ये मात्र नवऱ्याला आत घेतात. त्याला निळे कपडे, टोपी घालून माझ्या डोक्याशी स्टुलावर बसवलं. आत दहाएक माणसं होती आणि प्रत्येकाने आधी स्वतःचं नाव सांगितलं, अगदी स्ट्रेचर ओढणाऱ्या मदतनिसानेसुद्धा. ही पद्धत इथे केट ग्रेंजर नावाच्या डॉक्टरमुळे सगळीकडे पोचली. त्या स्वतः कॅन्सरच्या पेशंट होत्या. आपल्याला तपासायला येणारी माणसं साधं नावही सांगत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी २०१३ मध्ये मोहीम सुरू केली. २०१६ मध्ये त्या गेल्या. पाठीत सुई घेताना मला भूलतज्ज्ञाचं नाव माहीत होतं, आणि त्याने खरंच फरक पडतो.

भूल मणक्यातली, म्हणजे मी पूर्ण जागी. पाय आधी कोमट झाले, मग माझे राहिले नाहीत. भूलतज्ज्ञ गार फवारा आधी खांद्यावर मारायचा, मग पोटावर, मग वर वर. "हे तितकंच गार लागतंय का?" छातीपर्यंत गारपणा लागेनासा झाला तेव्हा त्याने पडद्यापलीकडे मान हलवली. यापुढे दुखत नाही, पण कळतं सगळं. पर्सच्या तळाशी गेलेली किल्ली कुणी घाईने शोधावी तशी पोटात उलथापालथ चालली होती, आणि ती पर्स म्हणजे मी. भूलतज्ज्ञ कानाशी बोलत होता, आता जोर लागेल, आता दाब येईल. रक्तदाब घसरून मळमळायला लागलं तेव्हा मी सांगायच्या आत त्याने औषध सोडलं.

मुलगा की मुलगी हे इथे विसाव्या आठवड्याच्या स्कॅनला विचारलं तर सांगतात. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने बंदी आहे आणि ती का आहे हे आपल्याला पुरतं ठाऊक आहे, त्यामुळे आम्ही विचारलंच नाही. आता पडदा खाली केला, आणि उलटं बाळ बाहेर येतं बूड पुढे करून. म्हणजे आमच्या लेकीचा चेहरा दिसायच्या आधी ती लेक आहे हे सगळ्या थिएटरला कळलं होतं. नवरा "मुलगी!" म्हणून ओरडला तेव्हा तिचं डोकं अजून माझ्या पोटात होतं. पाय मात्र दोन्ही कानांशी दुमडलेले. पोटात तशीच बसली होती ना, त्यामुळे पुढचे काही दिवस लंगोट बांधताना पाय आपोआप वर जायचे.

नाळ लगेच कापली नाही, मिनिटभर थांबले. मग तिला माझ्या छातीवर उघडीच ठेवली. पोट शिवायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला म्हणे. मला तो जाणवला नाही.

इथवर सगळं इतकं नीट झालं की पुढची रात्र मला जास्तच लागली. वॉर्डात अनेक पलंग, मध्ये पडदे. भेटीची वेळ संपली की नवरे घरी. बाळ पलंगाशेजारी पारदर्शक डब्यात, माझ्या पायात अजून जडपणा, लघवीची नळी लावलेली, पोटावर पट्टी. लेक रडायला लागली. मी घंटी दाबली. ती रडत राहिली, मी घंटी दाबत राहिले. शेजारच्या पडद्यामागेही तेच चाललं होतं. दिवसभर 'चालेल का, करू का, थांबू का' असं विचारणारी सगळी व्यवस्था रात्री दोन-तीन बायांवर येऊन टेकली होती. त्या धावतच होत्या, हे मला दिसत होतं. पण आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी रात्रभर आई किंवा सासू बसते ती काही उगाच नाही.

अखेर एक केरळची नर्स आली. तिने बाळ माझ्या हातात दिलं आणि मग एक गोष्ट शिकवली. सरळ उठायचं नाही. गुडघे दुमडायचे, अख्खं अंग एका कुशीवर वळवायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपराने रेटून वर यायचं. खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धरायची. पहाटे नळी काढली आणि तिनेच मला उभं केलं. पहिली दोन पावलं मी कमरेत वाकून, शिव्या देत टाकली. मराठीत. तिला कळल्या असाव्यात.

सिझरनंतर इथे एक-दोन दिवसांत घरी पाठवतात. आईला हे पटेचना. "टाके ओले आहेत आणि हाकलतात?" तिचा व्हिसा आला नव्हता, ती व्हिडिओ कॉलवरूनच डोकं धरून बसली होती. निघताना हातात पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि इंजेक्शनांचा खोका. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटाला टोचायची ही इंजेक्शनं धोक्याचे गुण मोजून देतात. माझं वय पस्तिशीच्या पुढे, एक गुण. ठरवून सिझर, आणखी एक. दोन भरले की दहा दिवस रोज एक सुई, आणि ती घरी आपली आपण. मिडवाइफने आधी विचारलं, हे औषध डुकराच्या आतड्यापासून काढतात, धर्माच्या किंवा शाकाहाराच्या दृष्टीने चालेल का? नको असेल तर दुसरं बघता येईल. मी चालेल म्हटलं. (आजीला हे कुणी सांगू नये.) टोचायचं काम नवऱ्याकडे होतं. पहिल्या दिवशी त्याने माझ्या पोटाची चिमूट धरली आणि डोळे मिटले. सुई मी काढून घेतली आणि स्वतःच टोचली. वापरलेल्या सुया टाकायला पिवळा डबा दिलेला असतो.

मिडवाइफ मात्र घरी येते, आणि ही सोय आपल्याकडेही यावी असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्या दिवशी आली, टाके पाहिले. पाचव्या दिवशी लेकीच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतले. सिकल सेल या रक्ताच्या आजारापासून जन्मजात थायरॉइडच्या कमतरतेपर्यंतचे आजार त्यातून आधीच कळतात. पुढे हेल्थ व्हिजिटर, म्हणजे लहान मुलांसाठी घरी येणारी नर्स, यायला लागली. तिने लेकीला दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं पाहिलं आणि म्हणाली, वरून हवं तर आवळा, कमरेखाली मोकळं ठेवा. उलट्या बाळांच्या खुब्याचा सांधा कच्चा राहण्याची शक्यता जास्त असते. म्हणून छत्तिसाव्या आठवड्यानंतरही उलटं असलेल्या प्रत्येक बाळाची इथे काही आठवड्यांत खुब्याची सोनोग्राफी करतात. आमची तीही झाली, सांधे ठीक निघाले. भारतात पायाळू बाळ झालं असेल तर बालरोगतज्ज्ञाला हे जरूर विचारा. आणि हो, बीसीजी ही क्षयरोगाची लस इथे सरसकट देत नाहीत, पण आई-बाबा किंवा आजी-आजोबा भारतात जन्मलेले असतील तर देतात, महिनाभराने.

'फुकटात झालं ना सगळं?' हाही प्रश्न येतो. बिल आलं नाही हे खरं. पण व्हिसावर राहणाऱ्या प्रौढ माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो, पगारातून कापलं जातं ते वेगळंच. आणि इथे जन्मली म्हणून ती ब्रिटिश झाली असंही नाही. १ जानेवारी १९८३ पासून आई-वडिलांपैकी एक जण ब्रिटिश किंवा कायमचा रहिवासी असावा लागतो. जन्माची नोंद ४२ दिवसांत, मग भारतीय वकिलातीकडे वर्षाच्या आत नोंदणी, मग पासपोर्ट. त्यासाठी मान न धरता येणाऱ्या मुलीचा डोळे उघडे असलेला फोटो काढणं हे सिझरपेक्षा अवघड काम आहे.

आता ते 'नॉर्मल'. इंग्लंडमध्ये हल्ली ४० टक्क्यांहून जास्त बाळंतपणं सिझरने होतात. भारतात २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा २१.५ टक्के होता. सरकारी दवाखान्यांत १४ च्या आसपास आणि खाजगीत ४७ च्या वर. त्यामुळे आपल्याकडे 'पैशासाठी पोट फाडलं' हा संशय येतो, आणि तो निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या टोकाला, म्हणजे सिझर टाळण्यापायीही, बायका-मुलं मेली आहेत. इंग्लंडमधल्या श्रुजबरी आणि टेलफर्डच्या सरकारी रुग्णालयांची चौकशी डोना ऑकेंडन या ज्येष्ठ मिडवाइफने केली. मार्च २०२२ च्या त्यांच्या अहवालात सिझरचं प्रमाण कमी ठेवण्याचा अभिमान आणि त्यापायी काही बाळांचं झालेलं नुकसान हे दोन्ही आहे. त्याच वर्षी सिझरच्या टक्केवारीवरून रुग्णालयांचं मोजमाप करू नका असं इथल्या आरोग्यसेवेने कळवलं. डॉक्टरबाईंनी मला सल्ला न देता आकडे दिले, त्याचं कारण मला हा अहवाल वाचताना उमगलं. राग गेला. रात्रीच्या वॉर्डाबद्दलचा अजून आहे, आणि तो मी लेखी कळवलाही आहे.

परवा हॉस्पिटलचं पत्र आलं. एकदा सिझर झालेल्या बाईने पुढच्या वेळी योनिमार्गे प्रयत्न केला तर शंभरातल्या ७२ ते ७५ जणींना जमतं, ठरवायचं तुम्ही, आम्ही दोन्हीला तयार आहोत. नवऱ्याने ते वाचून घडी करून पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवलं. हा आकडा सासूबाईंपर्यंत तूर्त पोचवायचा नाही, असं आमचं एकमताने ठरलं आहे.