सोल्डरिंग आयर्न: वॅटच्या आधी व्होल्टेज (टप्पा तिसरा)

सध्या टेबलावर: मोटार स्टार्टरमधली ऑटो-स्विचची कार्डं, कूलरचे टायमर, एका इन्व्हर्टरचं मेन कार्ड. अशी कार्डं दुरुस्त करायची अवजारं टप्प्याटप्प्याने ठरवतोय: मीटर आणि सोल्डर तार आधीच ठरली आहे, या टप्प्यात आयर्न, म्हणजे सोल्डर वितळवून जोड करायचं तापतं अवजार. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात किंवा चोपड्याकडे मळ्यात बसून काम करणाऱ्यांना हा भाग जास्त लागू पडेल.

दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचं देऊ?" पण छापलेले वॅट २३० व्होल्टला धरलेले असतात. साध्या आयर्नमध्ये आत नुसती तापणारी तार, आणि तिची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात कमी-जास्त होते. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) मोटारी चालू झाल्या आणि स्विचबोर्डात १९० व्होल्ट उरले, की २५ वॅटचं आयर्न १७ वॅटचं होतं. १७० व्होल्टला जेमतेम १४. मोटारी बंद होऊन २५० व्होल्ट आले की तेच आयर्न २९ च्या वर. मग दुपारी सोल्डर चिकटासारखं ओढलं जातं आणि रात्री त्याच आयर्नने ट्रॅक, म्हणजे कार्डावरची तांब्याची पट्टी, उचलला जातो. दोष हाताला दिला जातो, भो, पण आधी स्विचबोर्डात मीटर लावून बघा.

यावर "मग ६० वॅटचं घ्या" हा सल्ला सर्रास मिळतो. तो बिनकंट्रोलच्या आयर्नसाठी चुकीचा आहे. स्टँडवर रिकामं पडलं की ते तापतच राहतं, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा पदार्थ) लागताक्षणी जळतो, बिट, म्हणजे टोकाची टिप, काळं पडतं आणि काळ्या बिटाला सोल्डर धरत नाही. स्टार्टरची बरीच कार्डं एकेरी, तपकिरी कागदी बोर्डाची असतात. त्यांच्या पॅडखालचा (पिन जोडायच्या तांब्याच्या ठिपक्याखालचा) गोंद जास्त उष्णतेत लवकर सुटतो.

म्हणून निवड टेंपरेचर कंट्रोलवाल्यातूनच करायची. दोन जाती कामाच्या.

पहिली, हाक्को ९३६ च्या धर्तीचं २४ व्होल्टचं ट्रान्सफॉर्मरवालं स्टेशन, ९०० एम जातीच्या टिपचं. लाईट १९० वर आली तर ट्रान्सफॉर्मरचं आउटपुटही २० व्होल्टच्या आसपास उतरतं, पण सेन्सर असल्यामुळे ठरवलेलं तापमान सहसा टिकतं, फक्त जाड जोडावर परत तापायला वेळ लागतो. स्वस्त नकलांमध्ये हीटर आणि टिप यांच्यात पोकळी राहते, त्यामुळे डायलवर ३५० डिग्री आणि टोकाला बरंच कमी. टिप काढून हीटर आत कुठवर पोचतो ते दुकानातच बघून घ्यावं.

दुसरी जात म्हणजे डीसीवर चालणारं पेनासारखं आयर्न: टीएस१००, पाइनसिल आणि त्यांच्या जातीची. हीटर आणि सेन्सर टिपमध्येच, रेझिस्टन्स साधारण ८ ओहम. १२ व्होल्टला १८ वॅट, लॅपटॉपच्या १९ व्होल्ट अडॅप्टरवर ४५, २४ व्होल्टला ७२. आपल्याकडे हीच जात सरस, कारण अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं आणि आत १७० येवोत की २४०, बाहेर १९ च. ६५ वॅटचा अडॅप्टर ३.४२ अँपिअर देतो, आयर्नला लागतात सुमारे २.४. पिन ५.५ × २.५ मिलीमीटरची लागते. २.१ ची दिसायला तशीच असते, पण ती बसणार नाही. लाईट गेली तर १२ व्होल्ट ७ एएच बॅटरीवरही चालतं: १.५ अँपिअर धरले तर तीन-चार तास सहज. मात्र १८ वॅटमध्ये बारीक पिनाच होतील, रिलेच्या (कार्डावरच्या विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) जाड पिना नाही.

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये चौकशी करताना आयर्नआधी टिपा विचारा. ज्याच्या टिपा मिळत नाहीत ते आयर्न घेऊ नये. सोबत येणारी सुईसारखी टिप बाजूला ठेवा. टोक इतकं बारीक की जोडापर्यंत उष्णता पोचतच नाही. २.४ मिलीमीटरची चपटी छिन्नी टिप नव्वद टक्के कामाला पुरते. इन्व्हर्टरच्या जाड ट्रॅकला सुरीसारखी, म्हणजे के टिप. मुलामा असलेल्या टिपेला कानस किंवा पॉलिश पेपर लावायचा नाही. मुलामा गेला की सोल्डर आतलं तांबं खात जातं.

रिलेच्या पिनेचं काम असं. उजेड तिरका पाडला की पिनेभोवती केसाएवढी गोल काळी रेघ दिसते आणि बोटाने रिले हलवली की ती उघडमीट होते. कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधल्या मोठ्या स्विचच्या) हादऱ्याने आणि गरम-थंड होण्याने जोड तिथे फाटलेला असतो. वरून नवीन सोल्डर थापून भागत नाही. कार्डावर लाखेचं कोटिंग असेल तर आधी खरवडा, नाहीतर ते जळून काळं पडतं. ३४० ला टिप, थोडा रोझिन फ्लक्स, जुनं सोल्डर पंपाने ओढून घ्या, मग ०.८ मिलीमीटरची ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) तार. ती १८३ डिग्रीला वितळते, शिसं नसलेली २१७ च्या पुढे. टिप पिन आणि पॅड दोघांना टेकवून दोन-तीन सेकंद. पाच सेकंदांतही पसरलं नाही तर दाबत बसू नका; टिप मोठी करा. अॅसिडवाली पेस्ट पत्र्याच्या कामाची, कार्डावर ती तांबं खाते.

एप्रिल-मेमध्ये भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे गेला की पंखा लागतोच, पण झोत टिपेवर आला तर जोड थंड पडतात. पंखा बाजूला, धूर ओढून नेईल असा ठेवा.

एलईडी बल्बच्या अॅल्युमिनियम प्लेटला यातलं काहीच चालत नाही. प्लेट सगळी उष्णता पिऊन टाकते, तिथे खालून तापवणारी हॉट प्लेटच हवी.

बाकी: अर्थिंग. दोन पिनी अडॅप्टरमधून टिपेवर गळतीचं व्होल्टेज येतं, झिणझिण्या येतात आणि कार्डावरचे मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) जाऊ शकतात. हँडलला अर्थिंगचा स्क्रू असेल तर तिथून अर्थिंगला वायर जोडा. स्विचबोर्डाची अर्थ पिन नुसती नावाला तर नाही ना ते आधी मोजा: फेज-अर्थ हे फेज-न्यूट्रलच्या जवळपास यायला हवं. तीन पिनी स्टेशन असेल तर प्लग काढून त्याची अर्थ पिन ते टिप २ ओहमच्या आत भरली पाहिजे. कार्ड मात्र कायम सप्लायपासून सुटं, मोठ्या कपॅसिटरमधला चार्ज रेझिस्टरने उतरवलेला.