आठवी ‘ब’मधला प्रश्न

नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाटीनं आल्या की उतार उभा, हे आम्हाला पाठ होतं. एक दिवस भूगोलाच्या बाईंनी मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्याचा नकाशा टांगला, तामियाजवळ बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हे पाताळकोट. या खोल दरीत माणसं राहतात. काय खात असतील?” कुणालाच सांगता आलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही.

पुढे कृषी महाविद्यालयातून निघून मी बियाण्यांच्या कामाला लागले. 1996च्या चैत्रात इंदूरहून रेल्वेनं परासिया, तिथून बसनं तामिया, मग पायी खाली. चहूकडे सातपुड्याचे कडे, तळाशी दूधी नदी, भारिया आणि गोंड आदिवासींची बारा गावं. उतरताना माझे गुडघे थरथरत होते. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका बोलत बोलत वर चालल्या होत्या.

एका भारिया आजींकडे राहिले. तळाशी ऊन उशिरा पोचतं, पण आजी त्याच्या कितीतरी आधी मोहाखाली. फुलं पहाटे गळतात, गुरं यायच्या आत वेचावी लागतात. अंगणात वाळत घातली की मनुकांसारखी दिसतात. आंब्याच्या कोयीही जपायच्या. आतला गर दळून, पाण्यात धुऊन तुरटपणा काढायचा आणि टंचाईत पिठात मिसळायचा. उतारावरची झुडपं तोडून, जाळून, राखेत कुटकी हे बारीक भरडधान्य पेरायचं. या शेतीला दहिया म्हणतात. शहरात तिला नासधूस म्हणताना ऐकलंय. मला ते पटत नाही. तुकडा पुरेशी वर्षं पडीक सोडला तर रान परत येतं.

मीठ मात्र वरून आणावं लागे, चारोळी देऊन. मूठभर मिठाला किती चारोळी, हे आजींनी ओंजळ भरून दाखवलं तेव्हा मला राग आला. अजून येतो.

रात्री त्यांनी विचारलं, “पेज खाशील?” तोच शब्द! इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी पेज तांदळाची, आजारपणातली. त्यांची कुटकीची, रोजची. मी दोनदा मागून घेतली.

परतल्यावर पुरचुंडीभर कुटकी घेऊन शाळेत गेले. बाई निवृत्तीला आल्या होत्या. त्यांनी चार दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली धरला आणि विचारलं, “आणि पाणी कुठून आणतात?”

मी कड्याखालच्या झऱ्यांचं सांगू लागले. बाईंनी मला मध्येच थांबवलं, हात धरला आणि आठवी ‘ब’च्या वर्गात नेलं.