आमची माणसं आली की अडकायलंय

बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजारात लग्नाच्या फोटोंच्या डीव्हीडी करून द्यायचं माझं दुकान होतं तेव्हाची, म्हणजे २०१३ च्या आसपासची ही केस. डिस्कचं काय ते मिटलं. पण नवरीची आई, त्या मावशी, मला अजून आठवतात, आणि त्यांचं बरोबर होतं की माझं, हे अजून धड ठरत नाही.

मुलगा अनगोळचा, मुलगी गडहिंग्लजची. आमच्याकडं सोयरिकी राज्याची हद्द बघून होत नाहीत. सहाएकशे फोटो, एका फोटोला सहा सेकंद, खाली सनई आणि गाणी. म्हणजे तासाभराचा स्लाइड शो. फोटोग्राफर दोन्हीकडचे वेगळे. क्रम मुलाच्या काकांनी कागदावर लिहून दिलेला: आधी मुलाकडचे सगळे, मग मुलीकडचे. पैसे ते देणार, क्रम त्यांचा. आमच्या धंद्यात यावर वाद घालायचा नसतो.

पहिला अडथळा फोटोंचं एमपेग, म्हणजे डीव्हीडीवर चालणारा व्हिडिओ, करतानाच आला. सत्तर टक्क्यांच्या जरा पुढं गेलं की सॉफ्टवेअर गप्प. एरर नाही, काही नाही, पट्टी नुसती उभी. अशा वेळी एवढंच बघायचं, की पुन्हा चालवल्यावर तिथंच थांबतंय का. दरवेळी वेगळ्या आकड्यावर थांबलं तर मशीन तापतंय, नाहीतर रॅम गेलीय. त्याच आकड्यावर थांबलं तर एखादी फाईल खराब. मग फोटो निम्मे करायचे. ज्या निम्म्यात अडकतंय ते परत निम्मे. सहाशेतला एक फोटो असा दहा खेपांत सापडतोच.

सापडली ती मुलीकडची लग्नपत्रिका. प्रेसवाल्यानं छपाईची फाईलच जेपीजी करून दिली होती, सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांतली. कॉम्प्युटरवर उघडली की गणपतीसकट झकास दिसते. पण स्लाइड शोचं सगळं काम आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत चालतं, आणि चार रंगांची जेपीजी पुढ्यात आली की असली सॉफ्टवेअरं मान टाकतात. आरजीबी करून घेतली, गाडी सुटली.

मग साड्यांचे काठ. हे काम मला कुणी सांगत नसे आणि त्याचे पैसेही कुणी देत नसे, तरी मी करायचोच. तेव्हा घरोघरी डबा टीव्ही होते. पॅल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीचं चित्र ५७६ ओळींचं, तेही एकदम येत नाही: आधी एक सोडून एक ओळी, मग उरलेल्या. साडीच्या काठातली जरीची रेघ बारीक होऊन एकाच ओळीवर बसली की ती सेकंदाला पंचवीस वेळा दिसते आणि जाते. त्यात फोटो हळूहळू झूम होत असला तर अख्खा काठ वळवळायला लागतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर यातलं काही दिसत नाही, म्हणून निम्मे स्टुडिओवाले तसंच देऊन मोकळे व्हायचे. शहापूर-वडगाव म्हणजे विणकरांची वस्ती. इथलं गिऱ्हाईक नवरीचं तोंड नंतर बघतं, काठ आधी. मी असे फोटो उभ्या दिशेनं किंचित धूसर करून घ्यायचो. इतकं किंचित, की शेजारी ठेवून दाखवलं तरी फरक सांगता येऊ नये.

डिस्क चांगल्यातली घेऊन चार एक्सवर, म्हणजे चौपट वेगानं लिहिली, दुकानातल्या प्लेअरवर शेवटपर्यंत चालवून बघितली आणि दिली. चार एक्सला पंधरा मिनिटं जातात. सोळा एक्सवर सहाएक मिनिटांत उरकतं, म्हणून सगळे सोळावर मारायचे.

थोड्या दिवसांनी गडहिंग्लजहून फोन. मुलीची आई. "मालक, त्यांची माणसं सगळी सरळ दिसायलीत. आमची माणसं आली की अडकायलंय. माझा भाऊ तर नुस्ता चौकोन चौकोन झालाय. कुणी सांगून केलंय हे?"

म्हटलं, "मावशी, डिस्कला पाहुणे कळत नाहीत."

"डिस्कला नसतील कळत."

काकांचं वेगळंच. "फुटपाथवरची पाच पिक्चरची डिस्क त्याच प्लेअरवर पळतीय, खरं तुझी का पळंना?" पळणारच. कारखान्यात साच्यातून काढलेल्या डिस्कवरून उजेड चांगला परततो. आपण लेझरनं रंगाच्या थरावर लिहितो, तिथून कमी. प्लेअरची लेझर थकली की आधी हीच अडते. काकांनी ऐकून घेतलं आणि परत पाच पिक्चरवर आले.

अडकणारी डिस्क संकेश्वरमार्गे येणाऱ्या एका पाहुण्याकडून मागवली. हातात घेतल्याबरोबर कळलं, ही माझी नव्हेच. मुलाच्या मावसभावानं माझ्या डिस्कवरून घरीच कॉप्या काढून पाहुण्यांत वाटल्या होत्या. शंभराच्या डब्यातला बिननावाचा माल, वेग सोळा एक्स. ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की जांभळ्या पाठीवर लिहिलेला भाग जरा गडद दिसतो. तो पार कडेपाशी पोचला होता. सरफेस टेस्ट, म्हणजे डिस्क कुठं वाचता येत नाही ते दाखवणारी तपासणी, लावली तर शेवटच्या रांगांत लाल चौकोन. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. सोळा एक्स हा वेग सुरुवातीला नसतोच, कडेला गेल्यावर गाठला जातो. आणि हलक्या डिस्कचा थर नेमका कडेलाच असमान असतो.

मावशींना हे फोनवर पटेना. मग बाकी काही न बदलता फक्त क्रम उलटा केला: मुलीकडचे आधी, मुलाकडचे नंतर. त्याच पोराकडून, त्याच डब्यातल्या डिस्कवर कॉप्या काढा, असं बजावून दिली. लगेच काकांचा फोन. "काय करून सोडलास रे हे? आमची माणसं अडकायलीत की!"

त्या दिवशी मी दुकानात एकटाच हसत बसलो होतो. पुरावा याहून चोख मिळणं शक्य नव्हतं.

मावशी बाजाराला बेळगावला आल्या तेव्हा दुकानात बसवून त्यांना दोन्ही डिस्क दाखवल्या, तो गडद पट्टा दाखवला, कडेचं सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हणजे कडेला आमची माणसं बसवली होती, हेच की नव्हं?"

थर, वेग, लेझर सगळं खरं होतं. पण कडेला कोण जाणार, ते काकांच्या कागदावर लिहिलेलं होतं.

शेवटी नवीन शो केला. व्हिडिओ सेकंदाला आठ मेगाबिटवरून सहावर आणला, स्थिर फोटोंना तेवढं पुरतं. आवाज कच्च्या, न दाबलेल्या पीसीएमऐवजी दाबून लहान केलेल्या डॉल्बीत टाकला. सव्वाचार जीबीचे पावणेतीन झाले. डिस्कच्या वेष्टनावर ४.७ असतं आणि कॉम्प्युटर ४.३८ दाखवतो, कुठलाही आकडा धरा, आता कडेपर्यंत जायची गरजच नव्हती. पोरानं हव्या त्या डिस्कवर मारू दे.

आणि दोन्हीकडचे फोटो वेळेनुसार मिसळले. तेही सरळ नव्हतं. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळत नव्हती, त्यामुळं नुसतं वेळेवर लावलं तर अक्षता आधी पडत होत्या आणि हळद नंतर लागत होती. दोघांनीही टिपलेला एखादा क्षण शोधायचा होता. अंतरपाट सरकला तो दोघांकडंही होता. त्यावरून फरक काढला आणि एका कॅमेऱ्याच्या सगळ्या वेळा तेवढ्या सरकवल्या. मावशींचा भाऊ मुलाच्या आत्याच्या शेजारी येऊन बसला.

त्यानंतर गडहिंग्लजहून फोन आला नाही. काकांनी पैसे मात्र पहिल्या डिस्कचेच दिले. बाकीची म्हणे दुरुस्ती होती.