केस गळत नाहीत, मग जातात कुठे?

घोडबंदर रोडला किंवा खारघरला फ्लॅटमध्ये कुत्रं आणायचं ठरलं की घरातून पहिली अट येते: केस गळणारं नको. मग माल्टिपू, कॉकापू, लॅब्राडूडल अशी पूडलच्या संकराची नावं निघतात. पूडलचा जुना केस सुटतोच, पण कुरळ्या केसांत अडकून बसतो. फरशी स्वच्छ राहते आणि अंगावर जटा होतात.

ॲलर्जीसाठी म्हणून घेत असाल तर जरा थांबा. त्रास देणारी प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत आणि कोंड्यात असतात, आणि पूडलही त्याला अपवाद नाही. लॅब्राडूडल ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी १९८०च्या दशकाअखेर केला, तोच मुळी ॲलर्जी असलेल्या माणसाच्या घरी मार्गदर्शक (अंधांना वाट दाखवणारा) कुत्रा देता यावा म्हणून. पहिल्या वेतात तीन पिल्लं झाली, त्यातलं एकच त्या घराला चाललं. तेव्हा ज्याला त्रास होतो त्याला त्या पिल्लाजवळ तासभर बसवा, तेही दोन-तीनदा.

‘केसीआयचे पेपर आहेत’ असं संकराच्या पिल्लाबद्दल कोणी सांगितलं तर तिथून उठा. केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, तो शुद्ध जातींचीच नोंद करतो. अगदी चिमुकल्या पिल्लाला लावलेलं ‘टीकप’ हेही विक्रीपुरतं नाव, अधिकृत आकार नव्हे. कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७च्या सरकारी नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरकडे नोंदणी लागते. आई बघायला मागा. गुडघ्याची वाटी सरकते का हे डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि आई-बापाची पीआरए या डोळ्यांच्या आजाराची डीएनए चाचणी झाली आहे का ते विचारा. एकाच वेतात एकाचे केस सरळ, दुसऱ्याचे लोकरीसारखे निघतात. मोठेपणी कसे होतील याची हमी देणारा थापा मारतो.

खरी परीक्षा सहाव्या महिन्यानंतर. पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्यांचे येतात, जुने-नवे एकमेकांत गुंततात आणि जुलैची दमट हवा त्यांचा नमदा करते. गुंता कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, जांघेत आणि शेपटीच्या मुळाशी सुरू होतो. वरून हात फिरवला तर काहीच कळत नाही, कारण तो कातडीलगत असतो.

विंचरायचं असं. स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा) आणि स्टीलची फणी, दोन्ही हवीत. पायाच्या पंजापासून सुरुवात करा. डाव्या हाताने वरचे केस धरून भांग पाडा, कातडी दिसली पाहिजे. भांगाखालची बोटभर रुंद पट्टी ब्रशने मोकळी करा, मग भांग थोडा वर सरकवा. शेवटी फणी मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेली तरच तो भाग झाला. लहान कुत्र्याला वीस मिनिटं, एक दिवसाआड. गाठ लागली तर आधी बोटांनी फाडा, मग टोकाकडून मुळाकडे या. गुंता असताना आंघोळ कधीच नको, पाण्याने तो आवळतो आणि मग मशीन फिरवून सगळं उतरवावं लागतं. केस कापणाऱ्या ग्रूमरशी बहुतेक भांडणं इथेच होतात, आणि त्यात चूक ग्रूमरची नसते.

पावसाळ्यात केस सेंटिमीटरभर ठेवा, दर चार ते सहा आठवड्यांनी कापा. सुंदर दिसत नाही, पण निभतं. फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या टॉवेलने टिपा, ड्रायर कोमट ठेवा, गोचीड शोधा. लोंबत्या कानात ओल राहते. आठवड्यातून एकदा कान उलटून वास घ्या. आंबूस वास, तपकिरी मळ किंवा सारखी मान झटकणं दिसलं की डॉक्टर, कापसाची काडी नाही. साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. लेप्टोची लस वर्षाला चुकवू नका.

पूडलला डोकं आहे आणि माणसाचा लळाही फार. घरातली दोघंही सकाळी लोकल पकडून रात्री आठला परतणार असतील तर हे कुत्रं दिवसभर भुंकेल आणि सोफ्याचा कोपरा खाईल. तीन महिन्यांचं पिल्लू लघवी जेमतेम तीन-चार तास धरतं. दुपारी कोणीतरी येणार असेल तरच आणा, नाहीतर फणीचा प्रश्नच उद्भवत नाही.